पोस्टफिक्स: मेल आत येतात, बाहेर एकही जात नाही (रांगेत २१२)

अर्धवट_ॲडमिन | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. आमच्या चाळीसेक जणांच्या संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे, आधीचा माणूस सोडून गेला आणि पासवर्डची वही माझ्या हातात आली. शुक्रवारी रात्री जुन्या मशीनवरून नव्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी मशीनवर) सगळं हलवलं. डेबियन १२ (लिनक्स), मेल नेणारा-आणणारा पोस्टफिक्स, आणि आलेले मेल लोकांना वाचायला देणारा डव्हकॉट. पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइली, मेन.सीएफ आणि मास्टर.सीएफ, जुन्या मशीनवरून जशाच्या तशा उचलून ठेवल्या. शनिवारी बाहेरून मेल यायला लागले आणि मी खूश. आज कळलं की बाहेर एकही गेलेला नाही. आपापसातले पोचतात.

आतापर्यंतचे उपाय: पोस्टफिक्स चार वेळा रीस्टार्ट, मशीन दोनदा रीबूट, फायरवॉल बंद करून पाहिली (परत चालू केली आहे), टीएलएस (मेल वाटेत गुप्त ठेवणारं कुलूप) बंद करून पाहिलं, आणि कुठेतरी वाचून मायनेटवर्क्समध्ये बरेच पत्ते घातले. ढिम्म फरक नाही. उद्या सकाळी लोक विचारणार. काय करू?

पाचशेपन्नास | सोमवार, रात्री ११.४४

ते मायनेटवर्क्समधले "बरेच पत्ते" आधी काढा. आत्ता. मग बाकीचं बोलू. त्या यादीत जो पत्ता असतो त्याला तुमचा सर्व्हर पासवर्ड न विचारता जगभर मेल पाठवू देतो.

आणि "जात नाही" म्हणजे काय होतं? परत येतात? अडकतात? की "गेला" म्हणून नोंद होते आणि समोरच्याला दिसत नाही? तिन्हींची औषधं वेगळी. लॉग टाका.

अर्धवट_ॲडमिन | सोमवार, रात्री ११.४९

पत्ते काढले. लॉगचं म्हणाल तर व्हार/लॉग मध्ये मेल.लॉग नावाची फाइलच नाही! तीही हलवताना राहिली की काय?

जुना_पोस्टमन | सोमवार, रात्री ११.५८

नाही राहिली. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग आपोआप बसत नाही, सगळं सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये जातं. जर्नलसीटीएल चालवून त्यात पोस्टफिक्स शोधा. जुन्या सवयीची फाइल हवी असेल तर आरसिसलॉग पॅकेज टाका, मेल.लॉग परत दिसायला लागेल. मी टाकतोच.

ओळी वाचताना एक खूण ध्यानात ठेवा. पोस्टफिक्स हा एक प्रोग्राम नाही, लहान लहान प्रोग्रामांची टोळी आहे. ओळीत "पोस्टफिक्स/एसएमटीपीडी" असेल तर तो बाहेरून आत घेणारा. "पोस्टफिक्स/एसएमटीपी", शेवटी डी नाही, तो बाहेर नेणारा. क्यूएमजीआर रांग सांभाळतो, क्लीनअप हेडर नीट करतो, पिकअप मशीनवरच तयार झालेली पत्रं उचलतो. एका पत्राला एक क्यू-आयडी मिळतो, तो धरून लॉग गाळला की त्या पत्राचा आपल्या घरातला अख्खा प्रवास दिसतो. डी-वाला आणि बिनडी-वाला यांत गल्लत करून माणसं रात्र रात्र चुकीची सेटिंग बदलत बसतात.

अर्धवट_ॲडमिन | मंगळवार, रात्री १२.०६

सापडलं! सगळीकडे एकच रड आहे:

पोस्टफिक्स/एसएमटीपी: रिले=नन, डिले=२३०४११, डीएसएन=४.४.१, स्टेटस=डिफर्ड (कनेक्ट टू अमुकतमुक, पोर्ट २५: कनेक्शन टाइम्ड आउट)

जुना_पोस्टमन | मंगळवार, रात्री १२.१५

छान. या एका ओळीत बरंच आहे.

रिले=नन: समोरच्या कुठल्याही सर्व्हरपर्यंत आपण पोचलेलोच नाही. म्हणजे एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले आयपी पाठवू शकतात ती यादी), डीकिम (पत्रावरची डिजिटल सही), टीएलएस यातलं काहीही अजून आड आलेलं नाही, तिथवर गोष्टच गेली नाही. "टाइम्ड आउट" आहे, "रिफ्यूज्ड" नाही: समोरून कोणी नकार दिला नाही, आपली हाकच वाटेत कोणीतरी गिळली. डीएसएन ४ ने सुरू होतो, म्हणून हा तात्पुरता प्रश्न आहे आणि पोस्टफिक्स प्रयत्न करत राहील. ५ ने सुरू झाला असता तर पत्र लगेच पाठवणाऱ्याकडे परत गेलं असतं.

डिले सेकंदांत असतो. २३०४११ म्हणजे साधारण २ दिवस १६ तास, म्हणजे हे पत्र शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला निघालेलं आहे. आणि मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम मुळात ५ दिवसांचा असतो. गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला ही पत्रं एकेक करून परत फिरायला लागतील. तुमच्या लोकांना अजून काही कळलेलं नाही, कारण उशिराची सूचना देणारं डिले_वॉर्निंग_टाइम मुळात शून्य, म्हणजे बंद असतं.

मशीनवरून टेलनेट किंवा एनसी वापरून बाहेरच्या एखाद्या मोठ्या मेल सर्व्हरचं पोर्ट २५ गाठून पाहा. मग कुठल्यातरी मेलसेवेचं ५८७ गाठून पाहा. ५८७ लागला आणि २५ नाही, तर दोषी बहुधा तुमच्या मशीनबाहेर आहे.

अर्धवट_ॲडमिन | मंगळवार, रात्री १२.२१

५८७ चटकन लागतो. २५ कुठेच लागत नाही.

हलकंफुलकं | मंगळवार, रात्री १२.२५

मग सोपं आहे, पोस्टफिक्सला सांगा ५८७ ने पाठव म्हणून. झोपा आता.

रेघोटी | मंगळवार, रात्री १२.३३

नाही हो, तसं चालत नाही. ५८७ हा माणसाने (म्हणजे त्याच्या मेल प्रोग्रामने) आपल्या सर्व्हरकडे पत्र सोपवण्याचा दरवाजा आहे, लॉगिन करून. एका सर्व्हरने दुसऱ्याकडे पत्र नेण्याचा दरवाजा २५ हाच, एसएमटीपी (मेल नेण्याचा नियम) १९८२ मध्ये लिहिला गेला तेव्हापासून. अनोळखी सर्व्हरने ५८७ वर जाऊन "तुमच्याकडच्या अमक्यासाठी पत्र आणलंय" म्हटलं तर त्याला लॉगिन मागतील आणि हाकलतील.

५८७ उपयोगी पडतो तो रिलेहोस्ट वापरलात तर: म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी मेलसेवेत खातं काढून आपलं सगळं जावक त्यांच्यामार्फत सोडायचं. तो मार्ग वाईट नाही, पण आधी होस्टिंगवाल्याला विचारा. नव्या ग्राहकांसाठी बाहेर जाणारं २५ बंद ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, स्पॅमवाले तासाभरासाठी मशीन घेऊन धुमाकूळ घालतात म्हणून. तिकीट टाकून कारण सांगितलं की काही जण उघडून देतात, काही अजिबात देत नाहीत.

जुना_पोस्टमन | मंगळवार, रात्री १२.४८

रेघोटीताईंशी सहमत. तिकीट टाका, आणि झोपण्याआधी तीन गोष्टी करा.

एक, मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम तात्पुरतं १० दिवस करा. गुरुवारची टांगती तलवार जाईल.

दोन, पोस्टसुपरला लहान -एच आणि ऑल देऊन सगळी रांग होल्डवर टाका. पोर्ट उघडल्या क्षणी नव्या कोऱ्या आयपीवरून २१२ पत्रं एका दमात सुटली तर समोरच्यांना तुम्ही स्पॅमवालेच वाटाल. पाच-दहा सोडून बघा, मग बाकीची. सोडताना मोठा -एच चालतो, पण पत्रं होल्डवर बराच काळ राहिली असतील तर -आर वापरा.

तीन, सॉफ्ट_बाउन्स = यस. हा सेटिंग ज्याला माहीत नाही त्याने पोस्टफिक्स हलवू नये असं माझं मत आहे. तो चालू असेपर्यंत समोरच्याने ५५० म्हणून कायमचा नकार दिला तरी पोस्टफिक्स पत्र परत पाठवत नाही, रांगेतच ठेवतो. चूक आपली निघाली तर दुरुस्त करून तेच पत्र पुन्हा पाठवता येतं. काम झालं की काढून टाका.

अर्धवट_ॲडमिन | मंगळवार, दुपारी ४.१०

पोर्ट उघडला! होस्टिंगवाल्यांनी चार प्रश्न विचारले, काय पाठवता, किती पाठवता वगैरे, आणि उघडून दिला. दहा पत्रं सोडली. सहा गेली, "२५० ओके". जीमेलची चार अडकली. ओळ अशी: ५५०-५.७.२५, पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर नोंद नाही किंवा ती उलटसुलट जुळत नाही. पण पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) मी शनिवारीच घातला आहे, आमच्या डोमेनच्या डीएनएस (नावं आणि आयपींच्या नोंदींच्या) पॅनेलमध्ये!

पाचशेपन्नास | मंगळवार, दुपारी ४.२२

सॉफ्ट_बाउन्स नसता तर ही चार आत्ता परत गेली असती. पोस्टमनकाकांना नमस्कार घाला.

रेघोटी | मंगळवार, दुपारी ४.३५

तुमच्या पॅनेलमधला पीटीआर कोणीही वाचत नाही. नावावरून आयपी सांगणं हा डोमेनच्या मालकाचा अधिकार, पण आयपीवरून नाव सांगणं हा आयपीच्या मालकाचा. उलट शोध वेगळ्याच झाडावर होतो, आयपीव्ही४ साठी इन-ॲडर.आर्पा आणि आयपीव्ही६ साठी आयपी६.आर्पा, आणि त्या फांद्या होस्टिंगवाल्याच्या हातात असतात. त्यांच्या पॅनेलमध्ये "रिव्हर्स डीएनएस" असा रकाना शोधा.

दुसरं: त्या लॉग ओळीत आयपी कुठला दिसतोय? त्यात अपूर्णविरामांची माळ असेल तर तुमचा पोस्टफिक्स जीमेलकडे आयपीव्ही६ ने जातोय.

अर्धवट_ॲडमिन | मंगळवार, दुपारी ४.४१

माळ आहे! मला तर माहीतही नव्हतं की या मशीनला आयपीव्ही६ आहे.

रेघोटी | मंगळवार, दुपारी ४.५५

वाटलंच. जुन्या मशीनवर नसणार, नव्यावर फुकट मिळालाय, आणि तुमच्या एसपीएफमध्येही तो नसणार. दोन मार्ग. सरळ मार्ग: रिव्हर्स डीएनएसमध्ये दोन्ही आयपींना एकच पूर्ण नाव द्या, त्याच नावाच्या ए आणि क्वाड-ए नोंदी (नावावरून आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ सांगणाऱ्या) या दोन आयपींकडे वळवा, पोस्टफिक्सच्या मायहोस्टनेममध्येही तेच नाव ठेवा, एसपीएफमध्ये दोन्ही आयपी घाला. जाऊन परत तिथेच आलं पाहिजे: आयपीवरून नाव, नावावरून तोच आयपी.

घाईचा मार्ग: मास्टर.सीएफमध्ये "एसएमटीपी युनिक्स" ओळीखाली आयनेट_प्रोटोकॉल्स आयपीव्ही४ एवढाच पर्याय द्या. "एसएमटीपी आयनेट" ओळीखाली नाही हं, तो आत घेणारा. मेन.सीएफमध्ये सरसकट आयपीव्ही४ केलंत तर येणारे मेलही आयपीव्ही६ वरून येईनासे होतील. एसपीएफमधून जुन्या मशीनचा आयपी मात्र आठवडाभर तरी काढू नका.

हलकंफुलकं | मंगळवार, संध्याकाळी ६.०२

प्रामाणिक प्रश्न. हे सगळं वाचून असं वाटतं की स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं हा छळवाद आहे. चाळीस माणसांसाठी सरळ कुठेतरी पैसे भरून का घेत नाही?

पाचशेपन्नास | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

घ्या की. कोणी अडवलंय? पण यातली निम्मी कामं तरीही सुटत नाहीत. एसपीएफ, डीकिम, डीमार्क (ही तपासणी फसली तर पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तुमच्याच डोमेनवर लागणार. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले: दिवसाला ५००० च्या वर पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, बाकीच्यांनाही एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक हवंच. ते भाड्याच्या सेवेतही कोणीतरी बसवावं लागतं.

मी स्वतः का चालवतो? हट्ट. दुसरं कारण नाही.

जुना_पोस्टमन | मंगळवार, रात्री ९.३०

अवांतर: आम्ही सेंडमेलवर शिकलो. त्याची सेंडमेल.सीएफ फाइल पाहिली की मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसायचं. ती हाताने लिहायची नाही म्हणून एम४ च्या मॅक्रोंमधून तयार करायची, म्हणजे एक कोडं टाळायला दुसरं. मग १९९८ मध्ये आयबीएमच्या संशोधन विभागात काम करणाऱ्या वीत्झे व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स आला. एका प्रोग्रामने सगळं रूट (सर्वाधिकारी) म्हणून करण्याऐवजी वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या खोल्या, प्रत्येकाला लागेल तेवढीच किल्ली. काल मी टोळी म्हटलं ती हीच. त्यातली एक खोली उद्यापरवा तुम्हाला पिडणार बहुतेक, तुमची मास्टर.सीएफ जुनी आहे म्हणून म्हणतो. पण तेव्हाचं तेव्हा.

अर्धवट_ॲडमिन | बुधवार, रात्री ८.१५

रिव्हर्स डीएनएस दोन्ही आयपींना लावला. थोडी थोडी करत उरलेली सगळी पत्रं गेली, दोन-चारांचे पत्तेच चुकीचे होते. सर्वांचे मनापासून आभार!

दोन शेपट्या राहिल्यात. जीमेलमध्ये पत्राचे मूळ हेडर उघडले तर एसपीएफ पास, डीकिम फेल. आणि नव्या मशीनवर स्पॅमचा पूर आलाय.

रेघोटी | बुधवार, रात्री ८.४०

डीकिम: किल्ली २०४८ बिटांची आहे ना? ती डीएनएसमधल्या ज्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीत जाते, तिच्यातली एक सलग माळ २५५ अक्षरांपेक्षा लांब असू शकत नाही. २०४८ ची सार्वजनिक किल्ली त्यात मावत नाही, ती अवतरणचिन्हांचे दोन तुकडे करून एकाच नोंदीत घालावी लागते. काही पॅनेलं आपोआप तोडतात, काही गुपचूप शेपूट कापतात. डिगने (डीएनएसला विचारणारी आज्ञा) नोंद काढून शेवटची दहा अक्षरं फाइलमधल्या किल्लीशी ताडून बघा.

अर्धवट_ॲडमिन | बुधवार, रात्री ८.५८

कापलीच होती! दोन तुकडे केले, पास झालं.

तळ्यात_मळ्यात | बुधवार, रात्री ९.१०

स्पॅमसाठी सोपा उपाय. मेन.सीएफमधल्या एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्समध्ये, रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन नंतर, रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट लिहून स्पॅमहॉसची झेन यादी (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची) लावा. एक ओळ. माझ्याकडे कित्येक वर्षं आहे, स्पॅम निम्म्यावर येतं. सॉर्ब्सची ओळ जुन्या फाइलीत असेल तर मात्र काढा, ती यादी जून २०२४ मध्ये बंद झाली.

अर्धवट_ॲडमिन | बुधवार, रात्री ९.२५

लावली. वा, लगेच शांतता झाली!

पाचशेपन्नास | बुधवार, रात्री ११.०५

शांतता झाली म्हणजे स्पॅम थांबलं की मेल थांबले, ते सकाळी बघा म्हणजे झालं.

(आणि सुरुवातीला मी मायनेटवर्क्सवरून का ओरडलो ते सांगतो. माझा एक सर्व्हर डॉकरच्या डब्यात (प्रोग्राम वेगळा कोंडून चालवायची सोय) होता. दुसऱ्या डब्यातल्या वेबसाइटला मेल पाठवता यावा म्हणून मी १७२.१६.०.० पासूनचा अख्खा /१२ चा पट्टा मायनेटवर्क्समध्ये घातला. डॉकरच्या प्रॉक्सीमुळे बाहेरून येणारा प्रत्येक जण पोस्टफिक्सला १७२.१७.०.१ वरून आलेला दिसत होता. म्हणजे सगळं जग "घरचं". रांगेत हजारो पत्रं सापडेपर्यंत मला पत्ता नव्हता. नंतर तो आयपी याद्यांतून बाहेर काढायला जे महिने गेले ते मला विचारू नका.)

अर्धवट_ॲडमिन | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

पाचशेपन्नास, तुमची जीभ काळी आहे. काल रात्रीपासून बाहेरून एकही मेल आलेला नाही. जीमेल नाही, बँक नाही, कोणी नाही. लॉग:

पोस्टफिक्स/एसएमटीपीडी: नोक्यू: रिजेक्ट: ४५४ ४.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल. क्लायंट होस्ट ब्लॉक्ड युझिंग झेन.स्पॅमहॉस; एरर: ओपन रिझॉल्व्हर

प्रत्येक पत्राला हेच. जीमेलचे सर्व्हर स्पॅम यादीत कसे असतील?

रेघोटी | गुरुवार, संध्याकाळी ६.४८

नाहीत. ओळीचा शेवट वाचा: "ओपन रिझॉल्व्हर". तुमच्या रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (डीएनएस कोणाला विचारायचं ते सांगणारी फाइल) ८.८.८.८ आहे, म्हणजे गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएस शोधून देणारा सर्व्हर), बरोबर?

स्पॅमहॉस सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या चौकशीला उत्तर देत नाही, कारण कोण किती विचारतंय हे त्यांना त्यातून कळत नाही. देतात ते १२७.२५५.२५५.२५४ असं एक खुणेचं उत्तर, अर्थ "या वाटेने विचारू नका". पण रिजेक्ट_आरबीएल_क्लायंटला नुसतं नाव दिलं तर पोस्टफिक्स कुठलंही उत्तर म्हणजे "यादीत आहे" असं धरतो. यात स्पॅमहॉसची चूक नाही, त्यांनी हे लिहून ठेवलेलं आहे.

दुरुस्ती दोन बाजूंनी. नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं मोजायला सांगा, आणि मशीनवरच अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर) बसवून रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ लिहा, म्हणजे चौकशी तुमच्याच आयपीवरून जाईल. नुसतं पहिलं केलंत तर मेल येतील, पण यादीचा उपयोग शून्य.

तळ्यात_मळ्यात | गुरुवार, संध्याकाळी ६.५५

अरेरे. माझ्याकडे पहिल्यापासून स्थानिक रिझॉल्व्हर आहे, म्हणून मला हे कधी भेटलंच नाही. "एक ओळ" म्हणताना विचारायला हवं होतं. माफ करा, खरंच.

अर्धवट_ॲडमिन | गुरुवार, रात्री ८.०५

माफी कसली, ओळ मीच टाकली. पण आता डोकं फिरायची वेळ आली आहे. अनबाउंड बसवला, रिझॉल्व्ह.कॉन्फ बदलली, पोस्टफिक्स रीलोड केला. डिगने झेन यादीला हाताने विचारलं तर व्यवस्थित उत्तर. पोस्टफिक्स मात्र अजूनही "ओपन रिझॉल्व्हर" म्हणून सगळ्यांना हाकलतोय! ती १२७.०.०.[२..११] ची भानगड अजून घातली नाही, आधी हे कळू दे म्हटलं.

जुना_पोस्टमन | गुरुवार, रात्री ८.२०

ही ती खोली. मास्टर.सीएफमध्ये एसएमटीपीडीच्या ओळीत क्रूटच्या रकान्यात वाय असेल. म्हणजे तो प्रोग्राम व्हार/स्पूल/पोस्टफिक्स या फोल्डरलाच अख्खी डिस्क समजतो. त्याच्या लेखी ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ म्हणजे व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ईटीसी मधली प्रत. डेबियन ती प्रत पोस्टफिक्स सुरू होताना करतो, रीलोडला करत नाही. उघडून पाहा, तिथे अजून ८.८.८.८ असणार.

अर्धवट_ॲडमिन | गुरुवार, रात्री ८.३१

आहे!!! रीस्टार्ट केला. पहिला मेल आला. दुसरा. अहो, धो धो येतायत! पण हे काल रात्रीचे मेल आहेत, आजचे नाहीत. नाकारलेले मेल परत कसे आले? मी आत्ता नाकारलेल्यांची यादी काढून एकेकाला माफीचं पत्र लिहायला बसलो होतो.

पाचशेपन्नास | गुरुवार, रात्री ८.३७

थांबा. तुमच्या संध्याकाळच्या ओळीत ४५४ आहे. या नकाराचा आकडा मुळात ५५४ असतो. मघाशी वाचताना खटकलं होतं, टंकनदोष समजून सोडून दिलं.

जुना_पोस्टमन | गुरुवार, रात्री ८.४४

तुम्ही सॉफ्ट_बाउन्स काढला का?

अर्धवट_ॲडमिन | गुरुवार, रात्री ८.४६

…नाही. विसरलो.

जुना_पोस्टमन | गुरुवार, रात्री ९.०२

मग झालं ते असं. तो सेटिंग दोन्ही दिशांना चालतो. आपण बाहेरच्याला ५ चा नकार द्यायला गेलो की पोस्टफिक्स त्याचा ४ करून पाठवतो. "कायमचं नाही" ऐवजी "आत्ता नाही, नंतर ये". जीमेलने, बँकेने, सगळ्यांनी आपापल्या रांगेत पत्र ठेवलं आणि पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहिले. बहुतेक सगळं उद्यापर्यंत येऊन पडेल. माफीची पत्रं राहू द्या.

आता मात्र काढा. चालू ठेवलात तर चुकीच्या पत्त्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकालाही तुम्ही "नंतर ये" सांगणार, आणि बिचाऱ्याला पाच दिवसांनी कळेल की असा माणूसच तुमच्याकडे नाही. क्यू_लाइफटाइमही परत ५ दिवसांवर आणा.

नवा नियम लावायचा झाला तर त्याच्या आधी वॉर्न_इफ_रिजेक्ट हा शब्द लिहा. पोस्टफिक्स लॉगमध्ये "नाकारलं असतं" एवढंच लिहितो, पत्र आत घेतो. दोन दिवस लॉग वाचायचा, मग शब्द काढायचा. ही सूचना मीच आधी द्यायला हवी होती, पण मी सेंडमेलची मांजरं सांगत बसलो.

अर्धवट_ॲडमिन | शुक्रवार, सकाळी ९.५०

सॉफ्ट_बाउन्स काढला, लाइफटाइम ५ दिवस, यादीच्या ओळीत आकडे घातले, तिच्या आधी वॉर्न_इफ_रिजेक्ट. पोस्टक्यू -पी म्हणतो "मेल क्यू इज एम्प्टी". आमच्या खजिनदार बाई आत्ता म्हणाल्या, "काल मेल जरा हळू होते का?" मी म्हटलं, हो, जरा.

तळ्यात_मळ्यात | शुक्रवार, सकाळी १०.०४

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). माझ्या सर्व्हरवरही आकडे घातले आत्ताच.

नवखा_दोन | तीन आठवड्यांनंतर, रविवार

धागा वर काढतोय, माफी. वरचं सगळं वाचून माझा सर्व्हर डेबियन १२ वरून १३ वर नेला. पोस्टफिक्स ठीक, पण डव्हकॉट उठतच नाही, मेल_लोकेशन ओळखत नाही म्हणतो. वर्षानुवर्षं चालत आलेली फाइल आहे. काय मोडलं?

रेघोटी | तीन आठवड्यांनंतर, रविवार

तुमचं काही मोडलं नाही. डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ आहे आणि २.३ ची फाइल त्याला चालत नाही, रचनाच बदलली आहे. फाइलीत सगळ्यात आधी डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन लागतो. मेल_लोकेशनचे तुकडे होऊन मेल_ड्रायव्हर आणि मेल_पाथ झाले. एसएसएल_सर्टच्या जागी एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाइल, आणि मार्गाआधीचं ते कोनाचं चिन्ह गेलं. डिसेबल_प्लेनटेक्स्ट_ऑथ उलटा होऊन ऑथ_अलाउ_क्लिअरटेक्स्ट झालाय, तिथे यस-नो उलटं करायला विसरलात तर पासवर्ड उघडे फिरतील.

जुनी फाइल ठिगळं लावून चालवू नका. बाजूला ठेवा, पॅकेजची कोरी फाइल घ्या, आणि जुनीतली एकेक ओळ "ही अजून लागते का?" विचारत तिच्यात आणा. आणि पोस्टफिक्स ठीक म्हणालात, तरी सबमिशनला (५८७ च्या दरवाज्याला) लॉगिन करून एक पत्र पाठवून बघा. त्याचं लॉगिन डव्हकॉटच तपासत असेल तर डव्हकॉट उठेपर्यंत तुमच्या लोकांना पाठवताही येणार नाही.

नवखा_दोन | तीन आठवड्यांनंतर, रविवार

खरंच की, लॉगिनही बंद आहे. तुटलेलं एकच आहे असं समजून बसलो होतो. कोरी फाइल घेतो. सॉफ्ट_बाउन्स चालू केला आहे, काढायची आठवण कॅलेंडरमध्ये लावून.